अहवालातला शेवटचा शब्द

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यात मी काही वर्षं हिशेबाचं काम केलं. तिथली एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. फर्स्ट शिफ्ट सुरू होऊन तासभर झाला असेल. पॉवर प्रेसवरचा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा हातातला पत्रा खाली ठेवून स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत उभा राहिला. अंगठा उडत होता. मग मनगट उडायला लागलं, मग कोपर, आणि बघता बघता तो जमिनीवर कोसळला. कुणी चप्पल हुंगवायला आणली, कुणी जेवणाच्या डब्यातला कांदा फोडला, कुणी दातांत चमचा घालायला धावला. सुपरवायझरने सगळ्यांना मागे सारलं, पोराला कुशीवर वळवलं आणि मशीन पुसायच्या चिंध्यांचा गठ्ठा त्याच्या डोक्याखाली सरकवला. दोन-तीन मिनिटांत झटका थांबला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा मोठा भाऊ सीटी स्कॅनचं भलंमोठं पाकीट घेऊन ऑफिसात आला. इंग्रजी वाचणारा मीच, म्हणून माझ्याकडे. आम्ही ती काळी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. मेंदूच्या करड्या चित्रात उजव्या बाजूला एक पांढरं कडं होतं, हरभऱ्याएवढं, मधोमध काळं. भोवती धुरकट डाग पसरलेला. अहवालात खाली तीन शक्यता लिहिल्या होत्या. पहिली न्यूरोसिस्टिसर्कोसिस, दुसरी ट्यूबरक्युलोमा, तिसरी निओप्लाझम. भावाने शेवटच्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, “साहेब, हे काय?” मी म्हटलं, “गाठ.” त्याने ते जसं ऐकायचं तसंच ऐकलं. त्या रात्री दोघांनी गावी परभणीला जायची तयारी केली. ऑपरेशनला पैसे नव्हते, आणि ऑपरेशन करूनही पोरगा वाचत नसेल तर निदान आईजवळ असावा, असा त्यांचा हिशेब.

सुपरवायझरने त्यांना गाडीत बसवलं, पण ती परभणीची नव्हती, मुंबईकडे जाणारी लोकल होती. परळच्या मोठ्या रुग्णालयात ओपीडीत बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फिल्म पाहिली, पोराला तपासलं, डोळ्यांच्या आत बॅटरीने पाहिलं आणि म्हणाल्या, ऑपरेशन नको. झटक्याची गोळी रोज घ्यायची, एकही चुकवायची नाही, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. मशीनवर मात्र चढायचं नाही.

डोक्यात गाठीसारखं काहीतरी दिसत असताना तीन महिने थांबायचं हे बळ त्या डॉक्टरीणबाईंकडे कुठून आलं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला. त्याचं उत्तर शोधायला गेलो आणि कळलं, की अहवालातल्या त्या तीन शब्दांच्या क्रमामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातला मोठा भाग मुंबई, पुणे, दिल्ली आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी घडवलेला आहे.

गाठ न दिसणारी चित्रं

रंटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये. हाडं दिसू लागली, पण मेंदू कवटीच्या आत दडलेलाच राहिला. मऊ मेंदू आणि मऊ गाठ यांची क्ष-किरणात सावली सारखीच पडते. १९१८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी या शल्यविशारदाने त्यावर एक धाडसी वाट काढली. कवटीला छिद्र पाडायचं, मेंदूतल्या पोकळ्यांमधलं पाणी काढायचं आणि त्या जागी हवा भरायची. हवेची सावली वेगळी पडते, म्हणून पोकळ्यांचा आकार दिसतो. एखादी पोकळी दाबली किंवा सरकली असेल, तर तिथे काहीतरी वाढतंय असा अंदाज बांधायचा. रुग्णाला त्यानंतर असह्य डोकेदुखी आणि उलट्या होत. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझने दुसरा मार्ग दाखवला. मानेतल्या मोठ्या धमनीत क्ष-किरणांना अडवणारं द्रव्य सोडायचं आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं फिल्मवर उमटवायचं. गाठीने वाहिन्या ढकलल्या असतील तर त्यांचा बाक बदललेला दिसतो.

या दोन्ही तपासण्यांत गाठ स्वतः दिसत नव्हती. तिने शेजाऱ्यांना किती ढकललं, एवढंच दिसे. गाठ कशाची आहे, हे कवटी उघडेपर्यंत कळायचा मार्ग जवळपास नव्हता.

स्वातंत्र्यानंतर भारतात मेंदूची शस्त्रक्रिया उभी राहिली ती याच साधनांवर. वेल्लोरला डॉ. जेकब चँडी, मद्रासला डॉ. बी. राममूर्ती, मुंबईत डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर ही त्या पिढीतली नावं. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा देशातले मेंदूचे शल्यविशारद बोटांवर मोजण्याइतके होते. परदेशात शिकून आलेल्या या मंडळींना पाश्चात्त्य पुस्तकांनी शिकवलं होतं, की डोकेदुखी, उलट्या, झटके आणि डोळ्यांच्या पडद्यावर सूज दिसली, की मेंदूत गाठ आहे असं समजा, आणि ती बहुधा ग्लायोमा असेल. ग्लायोमा म्हणजे मेंदूच्याच आधारपेशींतून वाढणारी गाठ.

इथे कवटी उघडली, की मात्र अनेकदा वेगळंच हाती लागे. टणक, फिकट पिवळट, कापली तर आत फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखी. क्षयाची गाठ. ट्यूबरक्युलोमा.

एकशे सात आणि एकशे सात

परळचं केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात. एका खोलीत दहा-बारा जणांनी पाळीपाळीने झोपायचं, कापसाची धूळ दिवसभर छातीत घ्यायची आणि खोकणाऱ्या माणसाच्या शेजारीच पथारी टाकायची, हे गिरणगावचं रोजचं जगणं होतं. क्षयाला याहून सोयीची जागा नव्हती. फुप्फुसातला जंतू रक्तातून मेंदूत पोचे आणि तिथे सावकाश गाठ बांधे. त्या काळच्या भारतातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या, तर मेंदूतल्या साधारण पाच गाठींतली एक क्षयाची असे. पाश्चात्त्य देशांत तोवर ती दुर्मीळ झाली होती.

गाठ क्षयाची आहे की ग्लायोमा, यावर सगळं अवलंबून होतं. स्ट्रेप्टोमायसिन १९४४ पर्यंत हाती आलं नव्हतं, तेव्हा क्षयाची गाठ काढताना जंतू मेंदूच्या आवरणांत पसरून रुग्ण दगावत असे. औषधं आल्यावर चित्र पालटलं. क्षयाची गाठ आहे हे आधी ओळखलं, तर औषधांच्या आडोशाने ती काढता येई आणि माणूस बरा होऊन घरी जाई. ग्लायोमाच्या रुग्णाला तशी आशा क्वचितच देता येई.

केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर आणि डॉ. ए. डी. देसाई यांनी तेव्हा जे केलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. त्यांनी क्षयाच्या गाठी असलेल्या १०७ रुग्णांचे केसपेपर काढले आणि ग्लायोमा असलेल्या १०७ रुग्णांचे. दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक गोष्ट पडताळत गेले. वय काय, आजार किती दिवसांचा, पहिली तक्रार कोणती, अंगात इतरत्र क्षयाची खूण आहे का, फिल्मवर रक्तवाहिन्या कशा दिसल्या. १९६५ मध्ये ‘ब्रेन’ या लंडनहून निघणाऱ्या नामवंत नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

कागदावर हे काम साधं दिसतं. पण केसपेपर म्हणजे काय, हे ज्याने रुग्णालयाचं रेकॉर्ड पाहिलंय त्याला माहीत आहे. घाईत लिहिलेलं अक्षर, पत्त्याच्या जागी नुसतं ‘लालबाग’, टाचणीने जोडलेले प्रयोगशाळेचे चिटोरे, वाळवी लागलेल्या कडा. अशा २१४ माणसांच्या कागदांतून दोन आजारांची ओळखपत्रं तयार करायची होती. मुंबईच्या रुग्णाला मुंबईच्या रुग्णांच्या अनुभवाने तपासायचं, हा त्या कामाचा गाभा. क्षयाची गाठ लहान मुलांत आणि तरुणांत जास्त, मुलांमध्ये बऱ्याचदा लहान मेंदूत, हे अशा नोंदींतून पक्कं होत गेलं.

त्याच काळात जे. जे. रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मेंदूविकृतीशास्त्रज्ञ डॉ. दाराब दस्तूर क्षयाने मेंदूत होणारे बदल टिपत होते. उदानी मुलांना खाटेवर तपासत आणि दाराब दस्तूर सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या चकत्या पाहत. केईएम आणि जे. जे. या दोन सार्वजनिक रुग्णालयांतून, गरीब रुग्णांच्या नोंदींतून, मेंदूच्या क्षयाबद्दल जगाला शिकवणारं ज्ञान तयार झालं.

कडं का दिसतं

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीचं डोकं एका नव्या यंत्रात ठेवलं गेलं. ईएमआय कंपनीचे अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी ते बांधलं होतं, आणि क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज त्यांच्याबरोबर होते. डोक्याभोवती अंशाअंशाने फिरून घेतलेल्या हजारो मोजमापांवरून संगणकाने मेंदूचा आडवा छेद रेखाटला. चित्र ८० बाय ८० चौकटींचं, आजच्या मानाने अगदी भरड. पण त्यात मेंदूच्या पुढच्या भागात पाण्याने भरलेली गाठ स्पष्ट दिसली. शल्यविशारदाने कवटी उघडली तेव्हा ती अगदी चित्रात होती तशीच निघाली. जिवंत माणसाच्या मेंदूतली गाठ कवटी न उघडता अशी पहिल्यांदाच दिसत होती. हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह १९७९ चं नोबेल मिळालं.

सीटी स्कॅन भारतात रुळला आणि एक नवं कोडं समोर आलं. शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव्य दिलं, की कितीतरी रुग्णांच्या मेंदूत ते पांढरं कडं उमटू लागलं. निरोगी मेंदूत रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात, की कॉन्ट्रास्ट बाहेर झिरपत नाही. जिथे भिंत मोडली तिथेच ते साचतं आणि पांढरं दिसतं. गाठीची कड जिवंत, तिथे रक्तपुरवठा आहे, म्हणून कड उजळते. मधला भाग मेलेला, तिथे रक्त पोचत नाही, म्हणून तो काळा राहतो. मधे मेलेलं आणि भोवती जिवंत, एवढंच ते कडं सांगतं. झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठीत मधल्या पेशी उपासमारीने मरतात. क्षयाच्या गाठीत मधे तो चोथा असतो. गळवात पू असतो. तिन्हींच्या फिल्मवर कडं एकच. पाश्चात्त्य पुस्तकात त्या कड्यापुढे कर्करोगाचं नाव वर लिहिलेलं होतं. इथे त्याच कड्यामुळे घरोघर रडारड होत होती.

चौथा प्रकार सर्वांत विलक्षण निघाला.

नाहीसे होणारे डाग

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात भारतात एक पद्धत पडली. तरुण रुग्णाला झटका आला, स्कॅनवर छोटं कडं दिसलं, तर क्षय समजून वर्ष-दीड वर्ष क्षयाची औषधं द्यायची. काही महिन्यांनी स्कॅन केला, की कडं गेलेलं असे. औषध लागू पडलं, असं सगळे मानत.

१९८५ मध्ये दिल्लीच्या डॉ. पी. के. सेठी आणि सहकाऱ्यांनी झटक्यांच्या रुग्णांमध्ये उगवणाऱ्या आणि मावळणाऱ्या सीटी डागांबद्दल लिहिलं. १९८७ मध्ये पुण्याच्या डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांचा लेख आला. शरीराच्या एकाच भागापासून सुरू होणारे झटके असलेल्या भारतीय रुग्णांच्या स्कॅनवर दिसणाऱ्या कड्यांचा आणि चकत्यांचा त्यात खास अभ्यास होता. हळूहळू एक गोष्ट ध्यानात येत गेली. क्षयाची औषधं न देता नुसती झटक्याची गोळी दिली, तरी अनेकांचं कडं आपोआप विरघळत होतं. म्हणजे इतकी वर्षं जे श्रेय औषधाला दिलं, ते औषधाचं नसावं.

मग ते कडं होतं तरी कशाचं? कर्करोग आपोआप जात नाही. क्षयाची गाठ औषधाशिवाय सहसा जात नाही. उत्तर वेल्लोरहून आलं. तिथे डॉ. मॅथ्यू चँडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा छोट्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत एका अळीचे अवशेष सापडले. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची ही अळी. अहवालातलं न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणजे मेंदूतली हीच अळी. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं.

या अळीची गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. कच्चं डुकराचं मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी होतो. मेंदूत अळी जाते ती मात्र पट्टकृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. हात न धुता केलेला स्वयंपाक, सांडपाण्यावर वाढलेली आणि नीट न धुतलेली पालेभाजी, गटारातून जाणारी फुटकी पाण्याची पाइपलाइन, एवढं पुरतं. म्हणून माळ घातलेल्या वारकऱ्याच्या मेंदूतही ही अळी सापडते. ती मेंदूत वर्षानुवर्षं गुपचूप राहते. जिवंत असताना शरीराच्या पहाऱ्याला चकवते. ती मरायला लागते तेव्हा शरीर तिला ओळखतं आणि तिच्यावर तुटून पडतं. सूज येते, कडं उजळतं आणि झटका येतो. म्हणजे माणूस ज्या दिवशी कारखान्यात कोसळतो, त्या दिवशी अळी संपत आलेली असते. पुढचे काही महिने शरीर तिचा निचरा करतं. कधी मागे चुन्याचा एक ठिपका राहतो, कधी काहीच राहत नाही.

वेल्लोरच्या डॉक्टरांनी पुढे साध्या कसोट्या घालून दिल्या. कडं एकच असावं, २० मिलिमीटरपेक्षा लहान असावं, मेंदूचा मध्य त्याने सरकवलेला नसावा. रुग्णाला झटके असावेत, पण डोक्यातला दाब वाढल्याच्या खुणा नसाव्यात आणि हातपाय दिवसेंदिवस लुळे पडत जाऊ नयेत. एवढं जुळलं तर कवटी उघडू नये, थांबावं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहावं. डॉक्टरीणबाईंनी त्या पोराच्या डोळ्यांत बॅटरी का मारली, ते मला इथे कळलं. पडद्यावर सूज नव्हती. डोक्यातला दाब वाढलेला नव्हता.

गाठ जेव्हा वेष बदलते

या इतिहासातून थांबणं नेहमीच योग्य असतं असा धडा कुणी घेऊ नये. खऱ्या गाठीही नाना रूपं घेऊन येतात. मेंदूतला लिम्फोमा हा त्यांतला सर्वांत दगाबाज. सूज कमी करायला स्टेरॉइड दिलं, की तो काही दिवसांत फिल्मवरून अदृश्य होतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा उगवतो. डॉक्टरांनी त्याला ‘भुताची गाठ’ असं नाव दिलंय. डाग गेला म्हणजे तो कर्करोग नव्हता, हा समज तिथे जिवावर बेततो. म्हणून लिम्फोमाची शंका असेल तर तुकडा तपासण्याआधी स्टेरॉइड शक्यतो टाळतात.

ग्लायोब्लास्टोमा ही सर्वांत आक्रमक गाठ मेंदूच्या दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या पुलावरून पलीकडे जाते, तेव्हा फिल्मवर पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते. तीच गाठ अगदी सुरुवातीला नुसत्या अर्धांगाच्या डागासारखी दिसू शकते. लहान मेंदूतल्या काही गाठी पाण्याच्या पिशवीसारख्या असतात आणि पिशवीच्या भिंतीला एक छोटी गाठ चिकटलेली असते. अळीच्या पिशवीतही तिच्या डोक्याचा ठिपका दिसतो. दोन्ही चित्रांत पिशवी आणि ठिपका. फरक मापात, जागेत आणि भिंतीच्या वागण्यात. उलट, मज्जातंतूंवरचं आवरण जाणाऱ्या आजाराचा मोठा डाग अर्धवट, एका बाजूने उघड्या कड्यासारखा उजळतो आणि गाठ म्हणून फसवतो.

एमआरआय आल्यावर प्रश्न विचारायच्या नव्या रीती मिळाल्या. पाण्याचे रेणू कुठे अडकून पडलेत, हे पाहणाऱ्या चित्रात गळवातला घट्ट पू लखलखतो. रसायनांची नोंद करणाऱ्या तपासणीत क्षयाच्या गाठीतल्या चरबीचा उंच काटा दिसतो, तर वाढत्या गाठीत कोलीनचा. तरीही कित्येकदा सुईने घेतलेला तुकडाच शेवटचं उत्तर देतो. केईएमच्या शेजारीच, १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा खारघरच्या त्यांच्या केंद्रात देशभरातून येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत तो तुकडाच निर्णायक ठरतो. फिल्म दिशा दाखवते, इतकंच.

एमआयडीसीत हा इतिहास केवळ डॉक्टरांचा म्हणून सोडून देता येत नाही. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ झालं आणि पुढच्या दशकांत अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या पट्ट्यात मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहारमधून माणसं येत राहिली. एका खोलीत सात-आठ जण, नळाला दिवसातून तासभर पाणी, खोकणाऱ्याच्या शेजारी पथारी. साठच्या दशकात होमी दस्तूरांच्या केसपेपरवर ‘लालबाग’ लिहिलं जाई, आता ‘अंबरनाथ पूर्व’ लिहितात. क्षय आणि अळी दोघांनाही लागते ती परिस्थिती बदललेली नाही. स्कॅन गल्लोगल्ली झालाय. हात धुवायला साबण, झाकलेलं गटार आणि खोकल्याची वेळेवर तपासणी या गोष्टी अजून तितक्या सहज मिळत नाहीत.

तीन महिन्यांनी तो मुलगा दुसरं पाकीट घेऊन आला. या वेळी भाऊ सोबत नव्हता, त्याला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती. आम्ही दोन्ही फिल्म ट्यूबलाइटवर शेजारी शेजारी धरल्या. पहिल्या फिल्मवर हरभऱ्याएवढं कडं, दुसऱ्या फिल्मवर त्या जागी फक्त करडा मेंदू. तो बराच वेळ पहिल्याच फिल्मकडे पाहत राहिला. गोळी अजून बरेच महिने चालू ठेवायची होती, प्रेसवर जायचं नव्हतं, म्हणून मालकांनी त्याला पॅकिंगला घेतलं.

जाताना त्याने पहिला अहवाल माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, “तो शब्द शेवटी का लिहिला होता?” तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आज सांगता येतं. कधीकाळी तोच शब्द पहिला लिहिला जात होता. मुंबईच्या एकशे सात क्षयाच्या आणि एकशे सात ग्लायोमाच्या केसपेपरांनी, पुण्या-दिल्लीच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा काढलेल्या स्कॅननी आणि वेल्लोरच्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेल्या अळीने तो सरकत सरकत तिसऱ्या जागी नेला. त्या केसपेपरांवरची माणसं कोण होती, त्यांतली किती जगली, हे त्या पोराला कधी कळणार नाही. पण त्याला परभणीच्या गाडीत बसावं लागलं नाही, ते त्यांच्यामुळे.